कचरूची पाळी

धामणगाव बढे, ६ डिसेंबर १९६४
चिखलीहून एस.टी.नं हाडं खिळखिळी करून आणली, पण कौशल्यावहिनीनं पुढ्यात गरम भाकर अन् वांग्याचं भरीत ठेवलं, सारा शीण गेला! हिंमतरावमामांनी ओळखलं नाही. मलाच विचारलं, तू कोनाची लेक? म्हटलं, तुमच्याच बहिणीची, जनका. हसले बिचारे. म्हातारपणानं डोकं पार रितं झालंय. रात्री झोपत नाहीत, उठून शेताकडे निघतात. म्हणून पोटचा पोर, इंद्रभानदादा, त्यांचा पाय दाव्यानं खाटेला बांधतो! घोट्यावरचे वळ पाहून माझं माथंच फिरलं. दादाला सांगितलं, मामांना मी झोपवीन, पण पुन्हा बांधायचं नाही.

९ डिसेंबर
दुपारी डुलकी घेऊ देत नाही. उन्हात बसवून तुरीच्या शेंगा सोलायला लावते. तळपायाला तेल, दुधात जायफळ. शष्प उपयोग नाही! दिवा मालवला की खाटेवरून हाळी, "कचरूऽ, जागा हायस का बे?" वहिनीनं सांगितलं, शेजारच्या शेतातला कचरू अन् मामा जन्मभर जोडीनं रात्री पिकाच्या जागलीला. एकानं हाळी द्यायची, दुसऱ्यानं "जागा हाओ, तू नीज" म्हणायचं, की पहिला बिनघोर झोपायचा. पुढं पाळी बदलायची. कचरू मचाणावरच गेला, त्यालाही वर्षं झाली.
मग ओ कोण देणार? मामा झोपतील कसे!

१० डिसेंबर
युक्ती लागू पडली! ओसरीत जाऊन जाड आवाजात कचरूची ओ दिली. मामा गाढ झोपले. दादा म्हणाला, तू तं डाक्टरीणच निघाली. वहिनी मात्र कुरकुरली, मेलेल्याच्या नावानं ओ देऊ नये. म्हटलं, मेलेल्याला काय कळतंय!

१५ डिसेंबर
घसा बसलाय. काल ओ दिलीच नाही, आवाजच फुटेना. तरी ओ आली. शेताकडं जाणाऱ्या पांदीकडून. मामा झोपले. सकाळी दादानं शाबासकी दिली. मी नव्हते म्हटलं, तर म्हणतो, चेष्टा पुरे.

१७ डिसेंबर
काल दारच्या निंबाखालून. वहिनीनंही ऐकली, पण तिलाही तो माझाच आवाज वाटला. कोणी विश्वास ठेवत नाही. कसा ठेवतील? सोंग मीच केलं ना. फार भीती वाटते.

१८ डिसेंबर
काल ओसरीतून. म्हणाला, लई निजला बे, आता मी निजतो, जागायची तुही पाळी. मामा सकाळपासून घोंगडी झटकून बसलेत. कचरूकडे जायचंय म्हणतात. किती खुशीत! मी दादाच्या पाया पडले, आजची रात बांध त्यांना. दादा खवळला. म्हणे, तूच सोडवलं, आता सुखानं झोपतात तं काऊन—

रात्र
दाराला पाठ लावून बसले. बाकी सारे झोपलेत. हाक मारायला घसा नाही.
मामांनी हाळी दिली.
ओ आली. जाड, खणखणीत. बाहेरून नाही—
माह्या तोंडातून.
मामा उठले. माह्याकडं पाहून हसून राह्यले. चाल बे कचरू, म्हणून राह्यले. मामा, मी जनका हाओ, तुमच्या बहिणीची— तोंडातून भलतंच निघते— उजव्या हातात पेन्सिल हाये. डावा हात कडी काढून राह्यला. मी नाही. देवा, मी नाही काढून—