घरपट्टीवाला येईल म्हणून

११ ऑक्टोबर

प्रिय लोरेटा,

तू बरी असशील. मी ठीक आहे. गुडघा सकाळी कुरकुरतो, दहा वाजेपर्यंत वठणीवर येतो. शेजारच्या बागेतले बदाम झाडून झाले. आठवडाभर नाकातोंडात धूळ होती, आता श्वास मोकळा आहे. तुझ्या आईच्या गुलाबांना रोज पाणी घालतो. एक झाड वाळलंय. कोणतं ते सांगत नाही, उगीच वाईट वाटून घेशील.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय. माझी शाळा आठवीत सुटली, तेव्हा अक्षराचं आणि बाकीचं सांभाळून घे. तुझा निरोप मी ऐकला. "डॅडी, पुस्तिकेत ते तुमचंच नाव आहे का?" एवढं बोललीस आणि फोन ठेवलास. मी तो दोनतीनदा लावला. आवाज बसल्यासारखा वाटला. सर्दी झाली असेल तर काळजी घे.

हो, मतदारांना घरोघरी आलेल्या त्या पुस्तिकेतलं नाव माझंच आहे. कॉलेजच्या नव्या इमारतीसाठी कर्जरोखे काढायच्या ठरावाला मत देऊ नका, असं सांगणारं पान, त्याखाली पाच नावं, त्यातलं तिसरं. ‘एल्डन प्रूइट, एकोणऐंशी वर्षांचे रहिवासी व करदाते.’ छापलेलं नाव मी आयुष्यात दुसऱ्यांदा पाहिलं. पहिल्यांदा तुझ्या आईच्या मृत्यूच्या बातमीत.

ऑगस्टमध्ये हार्लन बोग्ज डोनटच्या दुकानात कागद घेऊन आला. त्याचं टायरचं दुकान आता मुलगा बघतो, म्हणून त्याला करदात्यांच्या संघाला भरपूर वेळ आहे. म्हणाला, "एल्डन, इथे सही ठोक. आम्ही चौघं धंदेवाले. लोक म्हणतील, भरल्या पोटाची ढेकर आहे. तुझ्यासारखा मातीतला माणूस पाहिजे."

मी म्हटलं, वाचून बघतो.

"बघ की. पण तीनच्या आत द्यायचाय तो, आणि तुझा चष्मा कुठाय?"

चष्मा घरी होता. मी सही केली.

मला कशाची भीती आहे ते तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. घर घेतलं तेव्हाच्या किमतीवर आमची घरपट्टी बसते, म्हणून माझ्यासारखा पेन्शनीतला माणूस या घरात राहू शकतो. डोनटच्या दुकानातल्या आमच्या टेबलावर सगळे म्हणत होते की ठराव मंजूर झाला की कॉलेजसाठी सगळी घरं नव्याने मोजणार, आजच्या भावाने पट्टी लावणार. आणि मोजायला माणूस आला की मागच्या बाजूला जाणारच. ती खोली दिसणारच. तुझ्या आईचा, नेडिनचा, दवाखान्याचा पलंग दारातून आत जाईना म्हणून मी ती परवान्याशिवाय उभी केली, तूच फळ्या धरल्या होत्यास. दंड लावतील, पाडायला लावतील, की घरच घेतील, मला काय कळतं? ती खोली बांधल्यापासून फाटकाशी अनोळखी गाडी थांबली की मी ती जाईपर्यंत पडद्याआडून बघत राहतो.

आणि पुस्तिकेतलं ते वाक्य, ‘नर्सिंगच्या चोवीस जागांपैकी तेरा जागा वर्ष संपेपर्यंत रिकाम्या होतात, हे तिथले शिक्षकच कबूल करतात,’ ते हार्लनने कुठून आणलं मला ठाऊक नाही. तो बऱ्याच चौकशा करत असतो.

उन्हाळ्यात जेवायला आलीस तेव्हा तू म्हणाली होतीस की नवी इमारत झाली नाही तर जूनमध्ये तू शिकवतेस ते नर्सिंगचे वर्ग बंद होतील आणि तू ऑरेगनला निघून जाशील. मला वाटलं, वैतागून बोललीस. माणूस बोलतो तसं. वैतागूनच ना?

डबाबंद पीच आणून ठेवलेत. रविवारी येणार असशील तर मांस भिजवायला काढतो.

तुझा,
डॅडी


९ नोव्हेंबर

प्रिय लोरेटा,

पत्र पोचलं असेल असं धरून चालतो. मी ठीक आहे. खोऱ्यात धुकं लवकर उतरलंय या वर्षी. काल सकाळी फाटकातून टपालपेटी दिसत नव्हती. सलग चार रविवार मांस काढलं आणि परत आत ठेवलं, शेवटी कुत्र्याला दिलं. तो खूश आहे.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. मागच्या महिन्यात मी कौंटीच्या निवडणूक कचेरीत गेलो होतो. मी स्वतःहून कौंटीच्या दारात गेलो, लोरेटा. बाहेर गाडीत वीस मिनिटं बसलो, मग आत गेलो. खिडकीवर एक बाई होत्या, तुझ्याहून लहान. म्हटलं, पुस्तिकेतून माझं नाव काढायचंय.

त्या म्हणाल्या, "आजोबा, ती छापून घरोघरी गेली. आता नाव काढायचं तर प्रत्येकाच्या घरी जाऊन पान फाडावं लागेल."

"किती घरं?"

"तुमचा गुडघा टिकणार नाही इतकी."

चांगल्या बाई होत्या. मला खुर्ची दिली. मी म्हटलं, आता घरं मोजायला कधी येणार? त्यांना कळेना. मग मी सगळं सांगितलं, खोलीचं सोडून. त्यांनी माझा पत्ता टाकून बघितला आणि म्हणाल्या, "कुणी येत नाही मोजायला. या ठरावाचा आणि त्याचा काही संबंध नाही. तुमची जुनी किंमत जुनीच राहते. पट्टी तेवढी वर्षाला एकोणीस डॉलर वाढेल."

"एकोणीसशे?"

"एकोणीस. माझ्या वडिलांनाही असंच वाटत होतं. आमच्याकडे रोज येतं कुणीतरी असं विचारायला."

परत येताना मी दोनदा वळण चुकलो. एकोणऐंशी वर्षांच्या रस्त्यावर.

दुसऱ्या दिवशी टेबलावर मी हार्लनला म्हटलं, "घरं मोजणार नाहीत म्हणे."

"मी कुठे म्हटलं मोजणार? मी म्हटलं, मोजतीलसुद्धा. सरकारचा काय भरवसा?"

"मग तेवढं तरी लोकांना सांग."

"तूच सांग की. इथे खुर्चीवर उभा राहा आणि सांग, मंडळी, मी न वाचता सही केली. पण जपून चढ, पडलास तर उचलायला नर्स मिळायची नाही."

सगळे हसले. मीही हसलो. का हसलो ते मला सांगता येणार नाही. कॉफी संपवली आणि उठलो. तेव्हापासून तिकडे गेलेलो नाही, पण कुणाच्या ते लक्षात आलंय असं दिसत नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी टपालाने आलेली मतपत्रिका भरली. ‘हो’वर खूण केली. गोल पूर्ण काळा केला, बाहेर जाऊ दिला नाही. पाकिटावर सही करताना हात कापत होता, पण केली. फाटकाच्या टपालपेटीत टाकून, आत पत्र आहे हे पोस्टवाल्याला कळावं म्हणून वरची लाल पट्टी उभी केली आणि पोस्टाची गाडी येईपर्यंत तिथेच उभा राहिलो. हे तुला ऐकून बरं वाटेल असं वाटलं.

रेडिओवर म्हणतात की शंभरातल्या चौपन्नांनी हो म्हटलंय आणि पंचावन्न लागतात. निम्म्याहून जास्त लोकांनी मागितलेली गोष्ट मिळत नाही, हा कुठला हिशोब? पण टपालातली मतं अजून मोजायची आहेत, तेव्हा धीर सोडू नकोस. मी सोडलेला नाही.

त्या चोवीस आणि तेराच्या वाक्याबद्दल मी बराच विचार केला. टेबलावर आम्ही पाचसहा जण असतो. त्यातलंच कुणीतरी बोललं असणार.

उत्तर दोन ओळींचं पाठवलंस तरी चालेल.

वाट बघणारा,
डॅडी


७ डिसेंबर

लोरेटा,

तब्येत, हवा, गुलाब यांचं आज लिहीत नाही.

ठराव बासष्ट मतांनी पडला. तुला माझ्याआधी कळलं असणार. वर्ग जूनमध्ये बंद करणार, आणि तू तोवरही थांबणार नाहीस, असं पोस्टातल्या बाई म्हणाल्या. तुझ्या अंगणात विक्रीची पाटी लागलीय. ती मी गाडीतून बघितली. तुझी गाडी दारात होती. मी थांबलो नाही. मी आलो असतो तर तू दार उघडावं की नाही याचा तुला त्रास झाला असता.

ते वाक्य माझं आहे.

जुलैत त्या जेवणाच्या वेळी तू ताट बाजूला सरकवलंस आणि म्हणालीस, "चोवीस पोरी घेतल्या, डॅडी, अकराच उरल्या. छत गळतं म्हणून सरावाची खोली चार महिने बंद. त्या दीड तास लांबच्या दवाखान्यात जाऊन सराव कधी करणार आणि घरची पोरं कधी सांभाळणार? मला त्यांच्या तोंडाकडे बघायची लाज वाटते." तुझे डोळे भरले होते. मी तुला पीच वाढले.

त्यानंतरच्या सोमवारी डोनटच्या दुकानातल्या टेबलावर कॉलेजची गोष्ट निघाली. ते सगळे बोलतात, मी ऐकतो. वीस वर्षं ऐकतोय. बाजारभाव, सिनेटर, पाण्याचे हक्क, त्यातलं मला काय सांगता येणार? त्या दिवशी मला काहीतरी माहीत होतं जे त्यांना नव्हतं. मी म्हटलं, "चोवीसातल्या तेरा सोडून जातात. माझी पोरगी तिथे शिकवते, तिनेच सांगितलं." सगळे माझ्याकडे वळले. हार्लनने कागदी रुमालावर लिहून घेतलं. "परत सांग, एल्डन," म्हणाला. मी परत सांगितलं.

मी आकडा सांगितला. छत सांगितलं नाही. विसरलो नव्हतो. छताचं सांगितलं असतं तर त्या आकड्याला कुणी रुमालावर लिहिलं नसतं, एवढं आठवी शिकलेल्यालाही कळतं.

तुझ्या वर्गातल्या दोघी पाळीपाळीने नेडिनला कुशीवर वळवायला यायच्या, त्या खोलीत. एक गुणगुणत काम करायची. नेडिन शेवटी शेवटी माझ्यापेक्षा तिला जास्त ओळखायची. त्यांच्यानंतर येणाऱ्यांचा दरवाजा मी बंद केला, आणि केला तो ती खोली कुणाला दिसू नये म्हणून.

अजून एक आहे. निकाल लागला त्या दिवशी मी स्वयंपाकघरातला खण उघडला. कौंटीची पाकिटं मी त्यात न फोडता टाकतो, खोली बांधली तेव्हापासून. तुला वाटायचं मी त्यातली बिलं भरतो. पट्टी बँकेतून आपोआप जाते म्हणून निभावलं. सगळी फोडली. एकातही खोलीबद्दल अक्षर नाही. इतकी वर्षं कुणी बघितलेलंच नाही. सर्वांत वरचं नोव्हेंबरमधलं होतं. त्यात लिहिलं होतं, तुमच्या मताच्या पाकिटावरची सही आमच्याकडच्या सहीशी जुळत नाही, सोबतच्या कागदावर सही करून पाठवा, तोवर मत मोजता येणार नाही. मुदत पाच दिवसांपूर्वी संपली होती.

म्हणजे माझं ‘हो’ कुठल्यातरी खोक्यात पडून आहे आणि माझं ‘नाही’ छापून घरोघरी पोचलं.

एका मताने काही झालं नसतं. बासष्ट हवी होती. ते मला कळतं. पण गेल्या पत्रात मी तुला ते मत बक्षिसासारखं सांगितलं होतं, आणि ते धरू नकोस हे सांगायला हवं होतं.

मी त्या खिडकीवरच्या बाईंकडे परत गेलो. त्यांनी कागद बघितला, मला बघितलं आणि म्हणाल्या, "आता काही करता येत नाही, आजोबा." मी म्हटलं, मला माहीत आहे. माझ्यामागे रांगेत कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी मला परत खुर्ची दिली.

शनिवारी निघणार आहेस असं ऐकलं. जाताना इकडे वळू नकोस, उगीच तुझा वेळ जाईल, असं लिहायचं मी ठरवलं होतं. दोनदा लिहून खोडलं. वळलीस तर मी काही बोलणार नाही. तू गाडीतून उतरली नाहीस तरी चालेल. नाही वळलीस तरी मी ते कुणाला सांगणार नाही. तुझं काही कुणाला सांगायचं मी सोडलंय.

ज्याने तुझं जेवणाच्या टेबलावरचं बोलणं बाहेर नेलं,
तो तुझा बाप,
एल्डन