बटणाची जागा

सुवा,
१९ ऑक्टोबर

चि. कात्सुयास,
वहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल पोचलं. तुम्ही सगळे मजेत असाल. इकडे थंडी यंदा लवकर आली, सकाळी तळं धुक्यात असतं आणि पलीकडचा काठ दिसत नाही. कारिनची फळं मधात घालायला घेतली आहेत. फार टणक निघाली, चिरताना बोट कापून घेतलं. बाकी सगळं ठीक.

कॅमेरा पाहिला. एप्रनच्या खिशात मावतो, आणि खिशात आहे हे विसरायला होतं इतका हलका. चिठ्ठीत तू लिहिलं होतंस की त्याचं बाहेरचं अंग तू घडवलंय, बोट कुठे टेकावं, पकड कुठे यावी, ते सगळं तुझ्या टेबलावरून गेलं. आणि दादांनी त्यांच्या जुन्या डीएसएलआरशेजारी ठेवून खरं मत द्यावं, गोड बोलू नये. मामंजींच्या वर्षश्राद्धानंतर तू दादांना काही विचारलंस ते हे पहिलंच. त्या दिवशी पंगतीत तू म्हणालास, आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, स्टुडिओ बंद करा. आणि दादा म्हणाले, लोकांच्या खिशात कॅमेरे भरणारा तूच आणि वर आम्हालाच दुकान गुंडाळायला सांगतोस. त्यानंतर तुम्ही दोघं माझ्यामार्फतच एकमेकांची खुशाली विचारता. असो.

दादांना सध्या सवड नाही, म्हणून मीच लिहिते. माझं मत कच्चं समज. पण लग्न होऊन आले तेव्हापासून याच दुकानात उभी आहे, अगदीच अडाणीही नाही.

शेजारच्या मोमोसे काकूंना खुर्चीत बसवलं आणि दोन्ही कॅमेऱ्यांनी फोटो काढले. डीएसएलआरच्या पकडीवरचं रबर आता चिकट झालंय, पुसलं तरी हाताला काळं लागतं. गळ्यात अडकवून संध्याकाळपर्यंत मान धरते. पण डोळा लावला की सगळं जग बाहेर राहतं आणि समोरचा माणूस तेवढा आत येतो. बटण दाबलं की आतला आरसा खटकन उडतो आणि फोटो निघाला हे हाताला कळतं. तुझा कॅमेरा आवाजच करत नाही. काकू विचारत राहिल्या, काढलास का, काढलास का, आणि मलाही नक्की सांगता येईना.

त्याला डोळा लावायची जागाच नाही. दारासमोर उन्हात नेला तर पडद्यावर मला माझंच तोंड दिसतं. स्टुडिओचे मोठे फ्लॅश त्याला जोडता येत नाहीत, म्हणजे आमच्या धंद्याला तो तिथेच संपला. बॅटरी दुपारीच मान टाकते. चालू केला की गोगलगायीसारखी लेन्स बाहेर काढतो आणि मी जरा विचार करत थांबले की परत आत घेऊन झोपतो. आमच्या घरात झोपून राहणारी माणसं नकोत मला.

चांगलं तेही लिहिते, नाहीतर म्हणशील वहिनी दादांच्या बाजूची. फ्लॅश बंद ठेवून, नुसत्या खिडकीच्या उजेडात, तुझ्याने काढलेला फोटो जास्त स्वच्छ आला. जुन्याने काढलेल्यात रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. चेहरा तो आपला आपण शोधतो, डोळासुद्धा शोधतो. काकूंच्या सुरकुत्या मात्र त्याने न विचारता पुसून टाकल्या. मी दोन्ही फोटो समोर ठेवले तेव्हा काकूंनी तुझा उचलला आणि म्हणाल्या, "हा माझ्या अंत्यविधीला लावायचा. दुसरा तुमच्याकडेच राहू दे, तो फार खरा आहे."

तर असं आहे. दादा मध्यंतरी जरा पडले होते, उजवा हात अजून दुखतो. काळजीचं काही नाही. मत त्यांचं नंतर कळवीन.

मुलींना पापा.

तुझी
फुमिए वहिनी

*

सुवा,
२० नोव्हेंबर

कात्सुया,

तुझं उत्तर मिळालं. हवापाण्याचं आज लिहीत नाही.

पत्र उघडताना मला वाटलं होतं, पडले म्हणजे कसे पडले, कुठे पडले, असं काहीतरी विचारशील. पानामागून पान वाचत गेले. पडद्याला बोट लावून फोटो काढायची सोय कशी चालू करायची. सुरकुत्या पुसणं कसं बंद करायचं. माणूस हसला की कॅमेऱ्याने आपणहून फोटो घ्यावा यासाठी कुठे जायचं. फोनला कसा जोडायचा. बाण काढलेत, आकृत्या काढल्यात, सुबक आहेत. आणि सगळ्यात खाली एक ओळ, दादांना हाताला जपायला सांगा.

ते पत्र मी ओट्यावर आपटलं आणि भांडी घासायला घेतली. एक वाडगा फुटला. तुझा यात तसा काय दोष, मीच लिहिलं होतं की काळजीचं काही नाही. पण मी काय लिहीत नाही ते तुला कळायला हवं होतं. तू या घरात शाळेचा गणवेश घालून वावरत होतास तेव्हापासून मी तुला ओळखते, तू ताप आला तरी सांगायचा नाहीस आणि मला कळायचं.

दादा पडले नाहीत. जूनमध्ये ते प्राथमिक शाळेत वर्गाचा फोटो काढायला गेले होते. मुलांना रांगेत उभं केलं, आणि हसा म्हणायला तोंड उघडलं तर भलताच शब्द बाहेर आला. मुलांना वाटलं गंमत करतायत. सगळा वर्ग हसला. दादांनी पुन्हा म्हणून पाहिलं, पुन्हा तसंच. मग ते कॅमेरा मांडीवर घेऊन हळूच जमिनीवर बसले. वर्गाच्या बाईंनी रुग्णवाहिका बोलावली. मेंदूत रक्ताची गुठळी. जीव वाचला, चालतात काठीने, बोलणं थोडंथोडं परत आलंय, पण शब्द वाटेत अडकतात. उजवा हात गेला तो गेलाच. मांडीवर ठेवलेला असतो, दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा.

तुला कळवायचं नाही अशी त्यांची शपथ होती. कळलं तर येईल आणि दुकान बंद कर म्हणेल, एवढं वाक्य जुळवायला त्यांना केवढा वेळ लागला होता, म्हणून मी मान हलवली. आज ती शपथ मोडते आहे. त्यांच्याच परवानगीने, ते पुढे सांगते.

तेव्हापासून स्टुडिओ मी चालवते. म्हणजे मी फोटो काढते आणि ते पडद्यामागे खुर्चीत बसून काठी आपटतात. एकदा आपटली तर प्रकाश चुकला, सारखी आपटली तर सगळंच चुकलं. काय चुकलं ते तोंडातून निघत नाही, म्हणून ते माझ्यावर चिडतात. मला ते ओळखता येत नाही, म्हणून मी त्यांच्यावर. गिऱ्हाईक मध्ये बसून कधी पडद्याकडे बघतं, कधी माझ्याकडे. परवा मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि नळाच्या आवाजात त्यांना वाटेल ते बोलून घेतलं. बाहेर आले तर म्हणाले, "ऐकलं."

अशात तुझा कॅमेरा आला. दादांनी पहिल्या दिवशी हात लावला नाही, नुसते बघत राहिले. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून आले तर डीएसएलआर चटईवर पडलेला. पट्टा गळ्यात घालून डाव्या हाताने उचलायला गेले होते. तो वजनदार, लेन्सकडून पुढे झुकणारा, आणि दाबायचं सगळं उजवीकडे. मी उचलून कपाटात ठेवला. मग त्यांनी तुझा घेतला. हलका आहे, डाव्या हातात राहतो. पण बटण उजव्या टोकाला. बोट तिथवर पोचत नाही. पोचवायला गेले की कॅमेरा हातातून सुटतो.

तुझं पत्र आल्यावर तुझ्या सगळ्या युक्त्या करून पाहिल्या. मी वाचत होते, ते करत होते. पडद्याला अंगठा लावायचा तर धरायला चारच बोटं उरतात आणि ती थरथरतात. फोनला जोडला तर कॅमेरा टेबलावर आणि दादा फोन घेऊन खुर्चीत, जणू दूरदर्शन बघतायत. शेवटी हसल्यावर आपोआप फोटो निघतो ते केलं. मी हसले, फोटो निघाला. दादांनी तो फोटो पाहिला. मग म्हणाले, "मग मी कशाला?"

याला काय उत्तर देऊ, कात्सुया? तुझ्या आकृत्यांमध्ये कुठे होतं?

त्या दिवशी त्यांनी कॅमेरा ड्रॉवरमध्ये टाकला, आणि मला वाटलं संपलं. माझा तुझ्यावरचा राग एवढा होता की कॅमेरा परत पाठवायला मी डबासुद्धा काढून ठेवला होता.

गेल्या रविवारी लहान मुलांचा सण होता. सकाळपासून दुकानात किमोनो आणि लांब साखरकांड्यांच्या पिशव्या. देवळातून लोक थेट आमच्याकडे येतात, अजून तरी येतात. दुपारी एक सात वर्षांची मुलगी आली, नाव इरोहा. केसांत फुलं खोचलेली, किमोनोचा कमरपट्टा इतका आवळलेला की बिचारीला धड श्वास घेता येत नव्हता. आई म्हणत होती हस, आजोबा म्हणत होते ताठ उभी राहा, आणि ती दोघांच्या मधे लाकडासारखी झालेली. मी जुन्या कॅमेऱ्याने काढत होते. फोटो नीट येत होते, उजेड नीट, किमोनोची प्रत्येक घडी नीट, आणि तोंड औषध घेतल्यासारखं.

पडद्यामागे काठी वाजली नाही. मी वळून पाहिलं तर दादा बाहेर आलेले. जूनपासून ते गिऱ्हाइकासमोर आले नव्हते. काठी भिंतीला टेकवून त्यांनी स्टुलावर बैठक मारली, आणि खिशातून तुझा कॅमेरा काढला.

तो त्यांनी उलटा धरला होता. वरची बाजू खाली. उलटा केला की उजव्या टोकाचं बटण डावीकडे खाली येतं, बरोबर अंगठ्यावर. बाकीची बोटं वरून. इतकं सोपं, आणि ते तुला सुचलं नाही, मलाही नाही. ड्रॉवर उघडून कधी सराव करत होते देव जाणे.

इरोहा दादांना म्हणाली, "आजोबा, कॅमेरा उलटा आहे."

दादा म्हणाले, "माहीत आहे." मग पुढचा शब्द अडकला. आई पुढे होऊन काहीतरी बोलणार होती, मी तिला हातानेच थांबवलं. शब्द आला. "तू उलटी दिसतेस."

मुलगी खुदकन हसली आणि आपण खरंच उलटे दिसतो का ते बघायला कमरेतून वाकली. केसातली फुलं लोंबायला लागली. तिचे आजोबा ओरडले, पट्टा सुटेल. दादा काढत होते. त्या कॅमेऱ्याला आवाज नाही, म्हणून किती काढले ते मला कळलं नाही.

आता तुला वाटेल, छान झालं. थांब. ते लोक निघण्याआधीच आम्ही फोटो पाहिले. सगळे डोक्यावर उभे, ते मी संगणकावर फिरवले. बहुतेक हललेले. काहींत लेन्सपुढे बोट आलेलं. एक बरा होता, डोळे स्वच्छ, हसू खरं, पण एका बाजूचा खांदा कापलेला. मुलीच्या घरच्यांना मी तो दाखवला. त्यांनी बघितला, सुंदर आहे म्हणाले आणि डीएसएलआरचा घेतला. अल्बमला तोच शोभतो, त्यांचं काही चुकलं नाही. पण दादांचा चेहरा मी बघितला. ते लोक गेल्यावर त्यांनी कॅमेरा मांडीवर आपटला आणि मला म्हणाले, "घसरतो." अंगठा दाबताना घसरतो, कारण खालून दाबायला ती जागा केलेलीच नाही. तुझी ती सुंदर गुळगुळीत कड, कात्सुया.

मी म्हटलं, असू दे, एवढं तरी जमलं. त्यावर ते माझ्यावर इतके चिडले की सगळे शब्द एकदम दाटले आणि एकही बाहेर पडेना. एवढं तरी, हे त्यांना सहन झालं नाही. मी कीव करावी असे फोटो त्यांनी आयुष्यात काढले नव्हते. तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं, पण मीही माणूस आहे. मी म्हटलं, मग तुमच्या भावाला सांगा ना, त्याने केलाय तो, माझ्यावर का ओरडता? असं म्हणून मी भात लावायला गेले.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी त्यांनी मला बसवलं आणि म्हणाले, "लिही त्याला." मी कागद घेतला. एकेक शब्द काढायला खूप वेळ लागला, मिसोचं सूप पार गार झालं. त्यांनी सांगितलं ते असं, मी एकही अक्षर बदललेलं नाही:

"बटण चुकीच्या जागी आहे. उजवा हात सगळ्यांना नसतो. जुना कॅमेरा चांगला. तुझा हलका. हलका पुरत नाही, धरता यायला हवा."

मी विचारलं, एवढंच लिहू? तुमच्या आजाराचं अजून त्याला काही माहीत नाही.

मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "बटणाचं लिहायचं तर हाताचं लिहावंच लागेल."

म्हणून हे सगळं लिहिलं.

अजून त्यांना बरंच सांगायचं आहे. कडेबद्दल आहे, पडद्याबद्दल आहे, आणखी कशाकशाबद्दल आहे, पण शब्द यायला वेळ लागतो आणि मला दुकान आहे. फोन करू नकोस, फोनवर ते बोलू शकत नाहीत आणि मग दिवसभर माझ्याशीही बोलत नाहीत. आकृत्या पाठवू नकोस. दुसरा कॅमेराही नको. सुट्टी काढ, आणि त्यांच्यासमोर बसून ऐक. ते ओरडतील, तू दुकानाचा विषय काढायचा नाहीस, आणि ते थांबले की मधेच शब्द सुचवायचा नाहीस. मी तसं करते आणि ते बरोबर नाही, हे मला आता कळतं.

मी दमले आहे, कात्सुया. हे वाक्य आधीच्या पत्रातही लिहायचं होतं.

तुझ्या दादांची आणि तुझी,
दोघांचीही बाजू घेणारी
वहिनी