शेवटच्या रांगेचे उजवे टोक

प्रिय ताईस,

सादर नमस्कार. तुझा गुडघा, तुझी नवी काठी आणि आमचे भावोजी (महत्त्वाच्या क्रमाने लिहिले आहे, त्यांना दाखवू नकोस) ठीक असतील असे धरून चालतो. धरून चालण्याचाच विषय आहे. पण आधीच सांगून ठेवतो, आमच्या छावणीच्या वार्षिक संचलनाला यायची तू मुळीच तसदी घेऊ नकोस. विशेष काही नाही. माणसे मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत जातात, झाले.

फरक एवढाच, की यंदा त्यांत आम्ही आहोत. आम्ही म्हणजे मुलकी कर्मचारी: स्वयंपाकी, न्हावी, माळी, लाँड्रीवाले, टेलिफोनवरच्या बाई आणि बूट दुरुस्तीतला तुझा भाऊ. साहेब येतात नि बदलून जातात. आम्ही तिथेच असतो आणि फोटोत मात्र कुठेच नसतो. मी सभेत गरजलो, "ज्या बुटांच्या टाचा आम्ही ठोकल्या, त्यांच्या मागून चार पावले चालायचा हक्क आम्हाला नाही? फौज दिसते छातीने, पण चालते आमच्या टाक्यांवर!" टाळ्या एवढ्या पडल्या की मोठ्या साहेबांनी खिडकी उघडली. घोषणा, उपोषण, इतिहासातले दाखले, सगळा दारूगोळा माझ्यापाशी तयार होता. साहेब म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. चाला की!" (लढणाऱ्या माणसाचा असा घात कोणी करू नये. उरलेले भाषण घरी येऊन तुझ्या भावजयीला ऐकवले. तिने शेवटी "बरं, मग भाजी काय आणलीत?" एवढेच विचारले.)

मग कवायत सुरू झाली. शिकवणारे हवालदार एरवी माझ्याकडूनच टाचा ठोकून घेतात, पण मैदानावर ओळख देत नाहीत. पहिल्याच दिवशी माळीबुवांना मैदानात तण दिसले. ते उपटायला वाकले आणि मागच्या तीन रांगा त्यांच्यावर येऊन पडल्या. न्हावी तर पुढच्याची मान बघून भर संचलनात म्हणतो, "काय हे जंगल! उद्या ये." पण माणसे जिद्दीची. हळूहळू सगळ्यांची पावले जुळली.

माझी सोडून. ताई, 'एक-दोन' कानावर पडले की माझ्या उजव्या पायाबरोबर उजवाच हात पुढे जातो. हवालदार म्हणाले, "अहो पुढारी, उंटसुद्धा असाच चालतो. पण तो भाषणं करत नाही." त्यात हे सपाट तळवे. याच तळव्यांपायी तरुणपणी मला भरतीच्या रांगेतून घरी पाठवले होते, हे इथे कोणालाच ठाऊक नाही. पुढच्या संचलनाआधी मी निवृत्त होणार. तेव्हा पहिले तेच शेवटचे.

काल हवालदारांनी मला रांगेबाहेर काढले. "तुमच्यामुळे सगळे अडखळतात. तुम्ही आपले बाजूला बसून टाळ्या वाजवा." आता, मी इतक्या क्रांत्या वाचल्या, पण मागणी मान्य व्हावी आणि मागणाऱ्यालाच वगळावे असा दाखला एकीतही सापडला नाही. पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर जाऊन बसलो. इतक्यात टेलिफोनवरच्या बाई रांग सोडून आल्या आणि शेजारी बसल्या. मग माळीबुवा. मग न्हावी. मग सगळेच. बाक पुरेना तेव्हा लाँड्रीवाले धुतलेल्या कपड्यांनिशी मातीत बसले.

हवालदार ओरडले, "हे काय चाललंय?"

बाई म्हणाल्या, "टाळ्या वाजवतोय. तुम्हीच म्हणालात ना?" आणि सगळे खरोखरच वाजवू लागले.

हवालदारांनी बराच वेळ स्वतःच्या बुटांकडे पाहिले. (टाच मागच्याच आठवड्यात बसवून दिली होती.) मग म्हणाले, "शेवटची रांग, उजवं टोक. हात अंगाला चिकटवून ठेवा. पायांचं तुमचं तुम्ही बघा."

तर हे असे आहे. हातांचा प्रश्न सुटला, पायांचा राहिला. पण तू काळजी करू नकोस आणि येऊही नकोस. प्रवास लांबचा, ऊन फार, आणि बघण्यासारखे तर काहीच नाही.

तुझा,
बदक

ता. क. तू विसरली असशील, म्हणून आठवण करून देतो. हे नाव शाळेच्या वाटेवर पडले. माझे पाय फटफट वाजायचे, पोरे हसायची. मग तू माझा हात धरून मुद्दाम तशीच फटफट चालायचीस, म्हणजे आवाज नेमका कोणाचा ते कळू नये. तेव्हा माझे पाऊल कधी चुकले नाही.

आणखी एक. भावोजींना तिकिटे काढायला सांग. पाण्याच्या टाकीपाशी, प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीला अगदी लागून उभी राहा. मी तुझ्या हाताच्या अंतरावरून जाईन. तेवढ्यापुरते पाय आपट. गुडघा ऐकत नसेल, तर काठी आपट. मला कळेल.