फळ्यावर वॉरिंगा तिसरा

सोमवार, २१ जुलै १९९७

वॉरिंगा सहावा. सहा संघांत सहावा. स्वतःच्या हातानं लिहिलं फळ्यावर, खडू मोडेपर्यंत दाबून.

बेकरी उघडायच्या आत म्हातारा होरी हजर. पाव घ्यायचं निमित्त. क्लबाचा अध्यक्ष आहे ना, फळा वाचायला येतो. म्हणे, "ग्लेनिस, आपल्याच पोरांना असं उघड्यावर टांगतेस? पाचवा लिहिलंस तर बोटं झडतील?"

म्हटलं, "गुणतक्ता पेपरात येतो होरी, तो बघा. हा फॉर्मचा फळा आहे. मागच्या तीन शनिवारी कोण कसं खेळलं, तेवढंच. मागची पुण्याई नाही, नवऱ्याची शिफारस नाही."

"नवरा प्रशिक्षक आहे म्हणून तरी—"

"म्हणून तर मुळीच नाही!"

अकरा वर्षं झाली, दर सोमवारी लिहिते. एका बाजूला आजच्या मटणाच्या पाई, दुसऱ्या बाजूला फुटबॉलचे सहा संघ. लोक पाईवर भांडत नाहीत, यावर भांडतात. शाळा मी चौदाव्या वर्षी सोडली, पण बघायला शाळा लागत नाही. ही डायरी बियाणंवाल्यानं फुकट दिली, म्हणून इथेही लिहून ठेवते. उद्या कोणी म्हणायला नको की बाईनं मागाहून बदललं.

लागोपाठ एकतीस सामने झाले, एकही जिंकलो नाही. वर्षाच्या सुरुवातीला सभेत हात वर करून ठरलंय— या मोसमात एक तरी जिंका, नाहीतर आपल्या क्लबाचं शेजारच्या नॉइहोफ गावच्या क्लबात विसर्जन. जर्सी त्यांची, मैदान त्यांचं. आपल्या मैदानावर मेंढ्या चरतील. चार सामने उरलेत.

मंगळवार, २२ जुलै

नवरोबा लिंडसे फळ्यावरून रुसलाय. जेवताना फक्त "मीठ दे" एवढंच. दिलं.

हा माणूस चारशे मेंढ्या फाटकातून उधळत जाताना तीन-तीन करून मोजतो, एक चुकत नाही. आणि सरावाला कोण आलं, कोण नाही, विचारलं की डोकं खाजवतो. "आले होते की बरेचसे." बरेचसे म्हणजे किती रे बाबा!

गुरुवार, २४ जुलै

सरावाला अकरा. अकरा! आमच्या फुटबॉलला मैदानात अठरा लागतात. बाकीचे फवारणीला, मेंढ्या व्यायल्यात, एकाची बायको आईकडे गेलीय. मी गाडीत बसून सगळा सराव बघितला. केल्विन चेंडू मारतो तेव्हा मान खाली घालत नाही. डॅरिल धावतो तेव्हा फक्त मान खाली. दोघांना एकत्र केलं तर एक खेळाडू होईल.

शनिवार, २६ जुलै

ड्राय लेककडून हरलो. एकेचाळीस गुणांनी. बत्तीस झाले.

पण चौथ्या, शेवटच्या सत्रात आपण सहा-सहा गुणांचे चार गोल केले, त्यांनी एकच. कुणाच्या लक्षात नाही आलं. सगळे गाड्या मागे घेऊन घरी निघाले होते. मी कँटीनच्या खिडकीतून बघत होते, तव्यावरचे सॉसेज जळाले.

सोमवार, २८ जुलै

वॉरिंगा पाचवा.

पेगला, म्हणजे आमच्या बेकरीच्या मालकिणीला, हसू आवरेना. "बत्तीस हरून वर चढलात? अगं, आणखी दहा हरा, अजिंक्यपद मिळेल!"

फॉर्म म्हणजे काय ते या गावाला अकरा वर्षांत कळलं नाही. गुणतक्ता सांगतो तुम्ही काय कमावलंत. फॉर्म सांगतो तुमचे पाय कुठे चाललेत. डोंबलाचं सांगून उपयोग!

लिंडसेनं मात्र आज स्वतःहून चहा केला. दूध विसरला.

शनिवार, २ ऑगस्ट

अकरा गुणांनी हरलो. तेहेतीस. केल्विननं चेंडू मारताना मान खाली घातली! त्याला संत्र्याची फोड देताना म्हटलं, "कुणी शिकवलं?" म्हणे, "तूच गाडीतून ओरडत होतीस, सगळ्या मैदानाला ऐकू गेलं."

सोमवार, ४ ऑगस्ट

वॉरिंगा चौथा.

आता उलटी बोंब. गेल्या महिन्यात मी घरभेदी होते, आता वशिलेबाज. खतांच्या दुकानातला एक शहाणा काउंटरवर कोपर टेकून म्हणतो, "काय ग्लेन, लिंडसेनं रविवारी फुलं दिली वाटतं?" म्हटलं, "लिंडसेनं एकोणतीस वर्षांत एकदा फुलं दिलीत, तीही त्याच्या आईच्या मयतावरून उरलेली. पाई घे आणि निघ."

कुणाला खरं नकोच असतं. खाली लिहिलं तरी चिडतात, वर लिहिलं तरी.

बुधवार, ६ ऑगस्ट

सरावाला सतरा.

शनिवार, ९ ऑगस्ट

पहिल्या नंबरच्या संघाकडून दोन गुणांनी हरलो. दोन! भोंगा वाजला तेव्हा चेंडू डॅरिलच्या हातात होता, गोलच्या समोर, आणि त्याला भोंगा वाजल्याचंही कळलं नाही. मारला. खांबांच्या मधोमध गेला. काय उपयोग! भोंग्यानंतरचा गोल धरत नाहीत.

चौतीस. परत येताना लिंडसे एक शब्द बोलला नाही. मी खूप बोलले.

सोमवार, ११ ऑगस्ट

वॉरिंगा तिसरा. नॉइहोफ चौथा.

शेवटचा सामना येत्या शनिवारी, आपल्या मैदानावर, नॉइहोफशीच. जिंकलो तर उरलो. हरलो तर ज्यांच्याकडून हरलो त्यांच्याच घरी पाहुणे म्हणून कायमचे.

दुपारी नॉइहोफचा कर्णधार ट्रेव्हर नॉइमान स्वतः आला, तीस किलोमीटर गाडी हाकत, फळा बघायला. बराच वेळ टोपी हातात घेऊन उभा. म्हणाला, "बाई, आम्ही तुमच्या खाली?"

"तीन आठवडे तुम्ही उभ्या-उभ्या जिंकलात. पळायला कुणी लावलंच नाही. शनिवारी लावतील."

हसला बिचारा. वाईट नाही पोरगा. सहा सॉसेज रोल घेऊन गेला.

होरी म्हणाला, "आता तरी खरं सांग. हे तू मनापासून लिहिलंस ना?" त्याचे डोळे ओले झाले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. त्याच्या बापानं त्या मैदानाचं कुंपण घातलंय. मी म्हटलं, "मी दुसऱ्या कशानं लिहीत नाही." आणि आत जाऊन भट्टी उगाचच उघडून पाहिली.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

दोनशे पाई. हात भाजला. लिंडसे तीन वेळा बूट पुसून झाला, तो तर खेळणारही नाही.

शनिवार, १६ ऑगस्ट

लिहायला नको वाटतंय. पण लिहिते.

एवढ्या गाड्या मी कधी पाहिल्या नाहीत. कुंपणाला नाक लावून सगळीकडून गोल उभ्या. आपला पहिला गोल झाला आणि सगळ्यांनी हॉर्न दाबले— कँटीनच्या कपाटातले कप वाजले. कँटीनला मदतीला येणारी कोरल माझ्यासोबत खिडकीवर होती, तिला रडू फुटलं. म्हटलं, "सॉस गळतोय, तो बघ."

तिसरं सत्र संपलं तेव्हा आपण चौदा गुणांनी पुढे. पुढे! पोरं अशी खेळली की माझा फळासुद्धा कमी पडला. शेवटचं सत्र सुरू होताच केल्विनचं नाक फुटलं, रक्त आलं की बाहेर यावंच लागतं, म्हणून तो आला आणि डॅरिल आत गेला. मग नाकात कापूस कोंबून केल्विन पलीकडच्या कुंपणाकडून परत आत पळाला. डॅरिलला बाहेर यायला कुणी सांगितलं नाही. हे मला नंतर जुळलं. तेव्हा नाही.

दहा मिनिटं उरली होती. तेरा गुणांनी पुढे. मी सवयीनं आपली पोरं मोजत होते. लिंडसेसोबत राहून लागलेली खोड, तीन-तीन करून. सहा वेळा तीन, अठरा. आणि वर एक.

परत मोजलं. वर एक.

"एकोणीस!"

तोंडातून गेलं. मोठ्यानं गेलं. मला हळू बोलता कधी आलंय?

खिडकीसमोर ट्रेव्हरची आई इर्मा पाई घेऊन उभी. "काय एकोणीस?"

"काही नाही. सॉस हवा?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग मैदानाकडे. बाई शेतकऱ्याची आहे, तिलाही मोजता येतं. पाई फळीवर ठेवली, कुंपणापाशी गेली आणि सत्तर वर्षांच्या गळ्यातून ओरडली, "ट्रेव्हर! मोजायला लाव!"

ट्रेव्हर थांबला. आईकडे बघत राहिला. मला वाटतं त्याला नको होतं. पण सगळ्यांनी ऐकलं होतं, त्याची पोरं त्याच्याकडे बघत होती. गेला पंचाकडे.

सगळ्यांना मधोमध ओळीत उभं केलं. पंच एकेकाच्या छातीकडे बोट करत चालला. अठरापाशी बोट पोहोचलं आणि ओळ संपली नाही.

एक माणूस जास्त सापडला की तोवरचे सगळे गुण जातात. नियम सगळ्यांना माहीत असतो, पण तो लागताना आमच्यात कुणी पाहिला नव्हता. गुणांच्या पाटीवरचा वॉली शिडी चढला आणि आपल्या आकड्यांचे पत्रे खिळ्यावरून एकेक काढले. सावकाश. शेवटी शून्य टांगलं, ते वाऱ्यानं हलत होतं.

दहा मिनिटांत पोरांनी दोन गोल केले. तरीही केले!

पस्तीस.

लिंडसे सीमारेषेवर उभा होता. सगळे निघून गेले तरी उभा.

रविवार, १७ ऑगस्ट

घरात दोघंच. दोन्हीकडून बोलणं बंद. कोंबड्यांशी बोलले.

सोमवार, १८ ऑगस्ट

फळा पुसला नाही. वॉरिंगा तिसरा तसाच आहे. तीन शनिवारचा फॉर्म बघितला तर आज तो दुसरा लिहायला हवा. खडू हातात घेतला आणि ठेवला.

लोक आत येतात, पाव घेतात, "बरं" म्हणून जातात. कुणी भांडत नाही! अकरा वर्षांत पहिला सोमवार. कोरलनं तर पलीकडच्या गावातून पाव आणला म्हणे. केल्विन तेवढा आला, नाक सुजलेलं. "ग्लेन, तू फक्त मोजलंस." म्हटलं, "मोजलं हे चूक नाही. ओरडले हे चूक." म्हणाला, "तू ओरडली नसतीस तर मी मान खाली घालायला शिकलो नसतो." गाढव. त्याला पैसे न घेता दोन पाई दिल्या आणि हाकललं.

मंगळवार, १९ ऑगस्ट

लिंडसेसाठी तीन घरांतून मटणाची भांडी आली. "बिचारा लिंडसे, त्या धांदलीत तो कुठे मोजत बसणार!" माझ्यासमोर, माझ्याच दारात. मी भांडी घेतली, गरम केली, वाढली. तो खात नाही. ताटाकडे बघतो.

रिकामी भांडी घासून परत द्यायला मीच जाते. एकजात सगळ्या म्हणतात, "लिंडसेला सांभाळ."

बुधवार, २० ऑगस्ट

होरी आला. पाव घेतला. फळ्याकडे बघितलं नाही. हेच सगळ्यात जड गेलं.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

सातला हॉलात सभा. नॉइहोफमध्ये जायचं की नाही, शेवटचे हात वर.

लिंडसे कोट घालून स्वयंपाकघरात आला आणि बसला. म्हणाला, "मी मोजले होते, ग्लेन."

"काय?"

"केल्विन परत आत पळाला तेव्हाच. तीन-तीन करून. सहा वेळा तीन, आणि वर एक. डॅरिलला बोलवायला हात वर केला. आणि खाली घेतला. वाटलं, निभेल."

सहा दिवस मला भांडी घासताना बघत बसला हा माणूस.

मग मी खुंटीवरची टोपी काढून त्याच्यापुढे ठेवली. "घाल. होरीसमोर उभं राहून हेच सांगायचंस. याच शब्दांत. मी सांगणार नाही."

गाडी सुरू केल्याचा आवाज आला. जाते. मी दाराशी उभी राहीन. हात मी मोजीन, आणि या वेळी तोंड मिटून.