अप्पांच्या गाडीचा आवाज

राजेंद्र नगर, इंदूर
१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

सुरभीताई,

सप्रेम नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. थंडी पडल्यापासून आईचे गुडघे दुखतात. मितालीची शाळा कालपासून सुरू झाली. सराफ्यात तळलेले गराडू आले आहेत. नाशिकला ते मिळत नाहीत असं तू दर वर्षी म्हणतेस, म्हणून लिहिलं.

हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. परवा तुझा फोन आला तेव्हा मी बोलायला सुरुवात केली होती. तू म्हणालीस, "असू दे रे, तू किती धावपळ केलीस बाबांसाठी," आणि मी विषय बदलला. पत्रात तुला मधे बोलता येणार नाही. कुरियरवाला म्हणतो, शुक्रवारपर्यंत पोचेल. तू शनिवारी इकडे यायला निघणार आहेस. निघण्याआधी वाच.

काल संध्याकाळी जुनी इंदूरला तुमच्या घरी जाऊन आलो. काकांच्या पायाचे टाके सुकले. वॉकर धरून ते खालच्या खोलीतून दारापर्यंत चालले. शैलजाबाई दिवसभर असतात, त्या नीट पाहतात. काका जेवतात कमी, बोलतात त्याहून कमी. कुकरची शिटी झाली तेव्हा त्यांनी शैलजाबाईंना विचारलं, "वाजली ना?" त्या म्हणाल्या, "हो, वाजली." मग ते पुन्हा पेपर वाचू लागले. शैलजाबाई मला बाहेर म्हणाल्या, हल्ली प्रत्येक आवाजाला असंच विचारतात.

आता गाडीबद्दल.

अप्पा जाऊन पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. तेव्हापासून त्यांची मोटरसायकल पोर्चमध्ये झाकून ठेवली होती. दसऱ्याला पूजेसाठी काढली, धुतली, हार घातला, आणि वाटलं की चालवावी. सुरू झाली, पण धूर फार होता. मी स्वतः सायलेन्सर उतरवला, आतली काजळी साफ केली, परत बसवला. तेव्हापासून एक्सलेटर सोडला की मागून बार निघायचा. मोठा. कॉलनीतली कुत्री पळायची.

परदेशीपुऱ्यातल्या विक्रम भियाकडे नेली. अप्पांची गाडी तोच बघायचा. त्याने गाडी चालू ठेवली, गणपतीपुढची उदबत्ती उचलली आणि सायलेन्सरचा पाइप इंजिनाला जोडलेला असतो तिथे धरली. धूर वर जाण्याऐवजी जोडात शिरला. "देखो भिया, हवा खेंच रही है." त्या जोडात तांब्याची एक रिंग असते. सायलेन्सर उतरवला की दर वेळी नवी घालायची, कारण एकदा दबलेली रिंग पुन्हा नीट बसत नाही. फटीतून हवा आत जाते आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये पेट घेतं. मी जुनीच घातली होती. ती अप्पांनी बसवलेली होती, वडिलांच्या हातची, टाकवली नाही.

"अप्पासाहेब होते तो कान पकड़ते आपके," विक्रम म्हणाला.

नवी रिंग त्याच्याकडे नव्हती. गाडी इथेच सोडा, सोमवारी घेऊन जा, असं तो म्हणाला. मी म्हणालो, हळू नेतो. "धीरे में ही तो ज्यादा फोड़ती है, भिया." मी हसलो आणि निघालो. तो २६ ऑक्टोबरचा शनिवार होता. संध्याकाळचे साडेसहा झाले होते.

तारीख तुला माहीत आहे.

दर शनिवारी अप्पा तुमच्याकडे यायचे तेव्हा काय करायचे, हे तुला सांगायला नको. तुमच्या घराजवळच्या वळणावर चालत्या गाडीची चावी बंद करायचे आणि लगेच चालू. एकच बार. तू कानांवर हात ठेवायचीस. काकू होत्या तोवर म्हणायच्या, "आली होळकरांची तोफ, चहा टाकते." काका जिन्यातला दिवा लावून फाटक उघडायला खाली यायचे. तीस वर्षं दोघा मित्रांचं हेच. अप्पांनी तुमच्याकडे कधी बेल वाजवल्याचं मला आठवत नाही.

हॉस्पिटलमध्ये काकांनी तुला सांगितलं, अप्पाची गाडी आली म्हणून मी खाली निघालो, शेवटच्या तीन पायऱ्या दिसल्या नाहीत. तू म्हणालीस, "बाबा, दिवाळी आहे. फटाका असेल कुणाचा."

"फटाका कुठला आणि गाडी कुठली, इतकं कळत नाही का मला? तीस साल सुना है."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "यतीन, गाडी बाहेर काढली होतीस का रे?"

मी म्हणालो, "नाही काका. गाडी बंदच आहे."

काका म्हणाले, "मग चुकलं माझं." तू त्यांच्या अंगावरचं पांघरूण नीट केलंस. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. तेव्हापासून ते शिटी झाली का, हे विचारून घेतात.

परवा तू फोनवर म्हणालीस, सोमवारी नाशिकला डॉक्टरांना दाखवायचं आहे, डोक्याच्या. घर भाड्याने द्यायचं, काकांना कायमचं तिकडे न्यायचं. "गेलेल्या माणसाच्या गाडीचे आवाज ऐकू यायला लागले, त्यांना एकटं कसं ठेवू?" तुझं चुकलेलं नाही. तुला जे सांगितलं गेलं त्यावरून कुणीही हेच ठरवेल.

ताई, त्यांना भास झाला नाही. विक्रमकडून घरी येताना तुमच्या वळणावर मी एक्सलेटर सोडला आणि गाडीने बार काढला. शनिवार, तीच वेळ, तेच वळण. चावीला मी हात लावला नव्हता, पण ते त्यांना कसं कळणार?

इथपर्यंत लिहून मी उठलो होतो. आईला औषध दिलं, चहा केला. पत्र इथेच संपवावं असं वाटलं. इतकं वाचून तू मला माफ केलं असतंस, कारण इथपर्यंतची चूक रिंगेची होती.

काका पडल्याचं मला तुझ्या फोनवरून कळलं, रात्री. हे खरं आहे. पण तुमच्या फाटकापुढून गेल्यावर मी आरशात पाहिलं होतं. जिन्याच्या जाळीतून उजेड आला. जिन्यातला दिवा कुणी लावला, कशासाठी लावला, हे मला त्या क्षणी कळलं. थांबलो असतो तर त्यांनी विचारलं असतं, पाच महिने का आला नाहीस. अप्पांशिवाय त्या खोलीत बसणं मला जमत नव्हतं, एवढंच होतं, आणि ते त्यांना सांगायची लाज वाटत होती. मी एक्सलेटर वाढवला. मग गाडीने पुन्हा आवाज केला नाही.

विक्रमने नवी रिंग घातली आहे, कार्बोरेटरही साफ केला. आता गाडी गुपचूप चालते. "अब मक्खन," म्हणाला तो.

हे पत्र आत्ता कुरियरला देतो आणि तिथून काकांकडे जातो. या क्रमानेच, म्हणजे मला मधून परत फिरता येणार नाही. तू येशील तेव्हा त्यांना सगळं माहीत असेल. ते मला काय म्हणतील याची मी दिवसभर उजळणी करतो आहे.

त्यांना न्यायचं की नाही, ते तुम्ही दोघं ठरवा. फक्त डॉक्टरांना आवाजांचं काही सांगू नकोस. काकांचे कान चांगले आहेत.

गाडीवरच जाईन. वळणावर चावीला हात लावणार नाही. फाटकाशी उतरून बेल वाजवेन.

जिन्यातला दिवा पाहूनही न थांबलेला,
यतीन