भूकंपाच्या सरावात मी मेलो त्याची हकिकत

कोल्हापूर,
२२ जानेवारी १९६८

ती. सौ. अंबूआक्कास,

धाकटा भाऊ जोतीराम याचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि. इकडे सर्व जिवंत आहेत, मीसुद्धा. (एरवी आपण 'खुशाल' लिहितो, पण या खेपेस जरा खुलासा करावा लागतोय.) तुझे गुडघे आणि दाजींचा दमा कसा आहे? माझ्याविषयी काही भलतंसलतं कागलपर्यंत आलं असेल आणि तू सुतक धरून बसली असशील, तर आधी उठून आंघोळ कर, चहा घे आणि मग पुढचं वाच. मी अजून हादरलेलाच आहे, त्यामुळे अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

कोयनेचा धक्का बसल्यापासून आमच्या गल्लीत कुणी धड झोपत नाही. मांजरानं भांडं पाडलं तरी माणसं अंथरूण घेऊन रस्त्यावर येतात. म्हणून होमगार्डमधल्या सयाजीनं ठरवलं की, भूकंप आला तर काय करायचं याचा सगळ्या गल्लीला सराव द्यायचा. शुक्रवारी सकाळी शाळेची घंटा झाली की सगळ्यांनी घरं सोडून हमरस्त्याकडेच्या मैदानावर जमायचं. काहींनी जखमी व्हायचं, दोघांनी मरायचं. मला जखमी व्हायचं होतं (कपाळाला पट्टी, स्ट्रेचर, वर चहा), पण मला एकदा उचलून बघितल्यावर चारही स्वयंसेवक खाली बसले. सयाजी म्हणाला, "आण्णा, तुम्ही मराच. मेलेल्यास्नी शेवटाला उचलत्यात, तवर पोरं दम खात्यात." मी गिरणीतून तसाच आलेला, तोंडभर पीठ, त्यामुळे मेलेला चांगला दिसत होतो म्हणे. छातीवर नावाची चिठ्ठी लावून मला चादरीवर आडवं केलं. इतक्यात हौसाची आई जखमींना चहा वाटत आली. मी हळूच हात पुढं केला, तर माझी लग्नाची बायको मला वळसा घालून जाता जाता म्हणते, "मेलेल्यास्नी च्या नसतोय."

खरा घोळ पुढंच आहे. रस्त्यात गर्दी बघून शाहूवाडीची एस.टी. थांबली आणि आपल्या हौसासाठी जे मास्तरचं स्थळ चाललंय, त्यांच्या गावचा आकाराम खाली उतरला. (हे स्थळ दोन वर्षं सायकल आणि मनगटी घड्याळ यांवर अडून बसलंय, तुला माहीतच आहे.) त्यानं माझी चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "ह्यास्नी काय झालं?" सरावात सगळं खरं धरूनच बोलायचं, असा सयाजीचाच हुकूम. तो टोपी काढून म्हणाला, "भूकंप, पावणं. जागीच गेलं." मी उठून बसणार होतो, पण मेलेला हलला तर सगळा सराव पहिल्यापासून, अशी तंबी होती. मी पडून राहिलो. आकाराम डोळे पुसत एस.टी.त चढला आणि एस.टी. निघून गेली.

रविवारी मास्तरचे वडील, केरबा पावणं, दुखवट्याला दारात हजर. मी मागं न्हाणीत, तोंडाला साबण. हौसाच्या आईनं तोंड उघडायच्या आत ते बोलूनही गेले, "वैनी, आता सायकल नको, घड्याळ नको. बाप गेल्यावर वर्साच्या आत लगीन न्हाय झालं तर तीन वर्सं थांबाय लागतंय. नारळ आन् साडीवर पोरगी न्हेतो." आणि तो माणूस चक्क रडायला लागला, आक्का. माझ्यासाठी. दोन वर्षांत माझ्याशी हसला नव्हता. मी थक्क होऊन साबण डोळ्यांत घालून घेतला. आणि हौसाच्या आईनं काय करावं? कपाळावरचं कुंकू दिसू नये म्हणून पदर हनुवटीपर्यंत ओढला, पाणी आणायच्या निमित्तानं मागं येऊन न्हाणीला बाहेरून कडी घातली आणि परत जाऊन नुसती मान हलवत बसली. पावणे गेल्यावर कडी काढून मला म्हणते, "लग्नापुरतं मेलासा तर काय बिघडलं?" असा धक्का मला कोयनेनंही दिला नव्हता.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझा (अजून जिवंत) भाऊ,
जोतीराम

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. लग्न होईपर्यंत मला तुझ्या माडीवर ठेवून घे, आणि कन्यादानाला तू नि दाजी उभे राहा. लग्नानंतर मी जिवंत कसं व्हायचं ते हौसाच्या आईनं अजून ठरवलेलं नाही. तुला धक्का बसेल, पण मी कबूल झालोय. पोरीचं वय वाढत चाललंय, आणि इतक्या सोप्या अटीवर पुन्हा कोण पुढं येणार?

ता. क. दुसरा. पत्र पेटीत टाकायला हौसाकडे दिलं होतं. तिनं ते (न विचारता) वाचलं आणि परत आणून माझ्यापुढं ठेवलं. म्हणाली, "आबा, सासरला जाताना मी रडायचं कुणाच्या गळ्यात पडून? फोटूच्या?" आक्का, मैदानावर एवढा वेळ पडलो होतो, पण मेल्यासारखं वाटलं ते तेव्हा. वरचं सगळं रद्द समज. बुधवारी दाजींना घेऊन ये, आपण तिघं शाहूवाडीला जाऊ आणि केरबा पावण्यांना मी जिवंत आहे ते तूच सांग, माझ्याच्यानं होणार नाही. त्यांनी पुन्हा सायकल मागितली तर माझी पुसून देऊ, मी गिरणीला चालत जाईन. पण हौसा निघेल तेव्हा मी दारात उभा पाहिजे.