झाकणउघड्याचं तिसरं भोक

तीर्थरूप मामांना भाच्याचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींची तब्येत विचारत नाही, तुमच्या मागच्या पत्रातसुद्धा त्यांचा आवाज इथपर्यंत ऐकू येत होता. आम्ही सगळे मजेत. फक्त माझ्यावर चोरीचा आळ आला आहे.

झालं असं, की गेली दोन वर्षं मी कारखान्यात (कारखाना म्हणजे घराची मागची खोली, एक ड्रिल मशीन आणि मी) बरणीचं घट्ट झाकण उघडायचं ते हत्यार बनवतो आहे. लाकडी दांडा, रबरी पट्टा आणि दांड्याला तीन भोकं. तुम्हाला ते चांगलंच ठाऊक आहे. पेटंटचा अर्जही तेव्हाच ठोकला होता. यंदा परदेशातून मोठी मागणी आली, माल तिकडच्या बंदरावर पोचला आणि तिथेच अडकून पडला. समुद्रापलीकडच्या एका कंपनीने हरकत घेतली, की हे हत्यार मूळचं आमचं, याने नक्कल केली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

त्यांचा माल समोरच्या भांड्यांच्या दुकानातच मिळाला. पाहतो तर दांडा तोच, पट्टा तोच. इतकंच काय, माझं ड्रिल जरा डावीकडे सरकतं म्हणून तिसरं भोक तिरकं पडतं, तेही बेट्यांनी तसंच तिरकं पाडलंय. खरं तर राग यायला हवा होता. पण मामा, ऊर भरून आला. आजवर माझी नक्कल कुणी केली नव्हती (शाळेतसुद्धा सगळे मला ओलांडून पलीकडच्याचं बघून लिहायचे).

वकीलबाई खूश झाल्या. म्हणाल्या, तिरकं भोक हा पुरावाच आहे. मात्र सोमवारच्या सुनावणीत साहेब प्रत्येक भागाचं काम विचारतात, ते लिहून आणा. बसलो लिहायला. दांडा धरायला, पट्टा आवळायला, दोन भोकं पट्टा ओवायला. तिसऱ्या भोकापाशी पेन थांबलं. दोन वर्षं रोज पाडतोय, पण कशासाठी, ते मला माहीत नाही. तुमची भाचेसून शेजारी वाटाणे सोलत होती. म्हणाली, "स्वतःचं डोकं चालवलं असतंत, तर एक भोक कमी पाडलं असतंत." त्या कंपनीच्या खोक्यावर मात्र ठसठशीत छापलंय, 'हवेचा दाब समतोल राखणारं छिद्र'. क्षणभर मलाही ते पटलं.

हरलो तर सगळा माल परत येईल आणि माझीच वस्तू विकायला मला त्यांची परवानगी मागावी लागेल. बाकी काळजी नसावी. मामींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. : तुमच्या स्वयंपाकघरातल्या ज्या जुन्या हत्यारावरून मी मापं घेतली (तुम्ही तेव्हा आंघोळीला गेला होतात), त्यालाही तिसरं भोक होतं. ते तुम्ही कशासाठी पाडलंत, एवढं उलट टपाली कळवा.

ता. क. २ : अर्जात 'शोध कुणी लावला' इथे मी माझं नाव लिहिलं होतं. भाचेसुनेने ते दुरुस्त करायला लावलं. सोबतच्या कागदावर तुमचं नाव आहे, फुलीपाशी सही करा. लिहिताना हात जड झाला, पण लिहून झाल्यावर बरं वाटलं.

ता. क. ३ : भोक नुसतं खिळ्याला अडकवायला असेल, तर तसं सरळ लिहू नका. काहीतरी शास्त्रीय लिहा. फक्त हवेचा दाब नको. ते त्यांचं आहे, आणि नक्कल आपल्याला खपत नाही.